वडील वारले, कर्ज मागे राहिले. मुलगा म्हणून किती फेडायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील गेले. मागे बँकेचे 2 लाख 80 हजारांचे वैयक्तिक कर्ज, गावच्या विकास सोसायटीचे पीककर्ज आणि मामांकडून घेतलेले 70 हजार हातउसने आहेत. वसुलीवाला दारात येऊन म्हणतो, ‘बापाचं कर्ज पोरानंच फेडायचं असतं.’ हे खरे का?

कायद्याने नाही. वडिलांची जी मिळकत तुमच्या हाती आली, तिच्या किमतीपर्यंतच तुम्ही देणे लागता. तुमचा पगार, तुम्ही स्वतः घेतलेले घर, पत्नीचे दागिने यांवर हे कर्ज येत नाही. मात्र कर्जाच्या कागदावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुमची सही असेल तर गोष्ट संपली, ते कर्ज तुमचेही आहे. म्हणून आधी ती सही आहे की नाही ते बघा.

वसुलीवाल्याचे वाक्य हवेतून आलेले नाही. जुन्या हिंदू धर्मशास्त्रात मुलाने बापाचे कर्ज व्याजासह, नातवाने फक्त मुद्दल आणि पणतूने मिळकत आली असेल तरच फेडायचे, असा दंडक होता. दारू-जुगारासाठी काढलेले कर्ज तेव्हाही मुलावर येत नसे. मुंबई इलाख्यात 1866 च्या कायद्याने ही जबाबदारी मिळालेल्या मिळकतीपुरती केली. पुढे हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने 9 सप्टेंबर 2005 नंतरच्या कर्जांसाठी, केवळ मुलगा म्हणून फेडण्याचे हे धार्मिक बंधन कोर्टातून काढूनच टाकले. लोकांच्या तोंडी ते अजून आहे, एवढेच.

आता कामाचे. मृत्यूदाखल्याची प्रत जोडून शाखेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात तीन गोष्टी मागा: करारनाम्याची प्रत, पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा आणि कर्जाला विमा जोडलेला आहे का याचे लेखी उत्तर. हा तिसरा मुद्दा सोडू नका. कर्ज खात्यात जमा झाले त्या तारखेच्या आसपासच्या नोंदी नीट वाचा. मंजूर रकमेतून प्रोसेसिंग फीशिवाय आणखी काही हजार वजा झालेले दिसले, तर तो बहुधा एकरकमी विमा हप्ता असतो. तसा विमा असेल आणि दावा मंजूर झाला तर बाकी बरीचशी, कधी पूर्णच, भागते. घरच्यांना याची कल्पना नसते आणि वसुलीवाला स्वतःहून सांगत नाही.

मग मिळकतीची यादी करा: खात्यातली शिल्लक, ठेवी, वाहन, जमीन. जमीन वडिलोपार्जित असेल तर साधारणपणे वडिलांचा हिस्साच मोजायचा, पण शेतीसाठी कुटुंबप्रमुख म्हणून काढलेले कर्ज एकत्र कुटुंबाच्या मिळकतीवर येऊ शकते. नामनिर्देशिताला (नॉमिनीला) मिळालेला भविष्य निर्वाह निधी या यादीत धरायचा नाही. तो वडिलांच्या देण्यांपासून मुक्त असतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो हिशेबात. समजा ट्रॅक्टर विकून 3 लाख आले आणि ते घरखर्चात जिरले. उद्या बँक कोर्टात गेली आणि ते पैसे कुठे गेले हे तुम्हाला दाखवता आले नाही, तर तेवढ्या रकमेपुरते तुम्ही जातीने जबाबदार ठरता. तेव्हा विक्रीचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यातून दिलेल्या प्रत्येक देण्याची पावती जपा.

दुसरा घोळ सहीचा. ‘हजार रुपये भरा, खातं चालू राहील’, ‘या हमीपत्रावर सही करा, फक्त फॉर्मॅलिटी आहे’ असे म्हटले जाते. साध्या कर्जासाठी बँकेला कोर्टात दावा लावायची मुदत 3 वर्षांची. मुदतीत केलेला भरणा किंवा लेखी कबुली यामुळे ती नव्याने सुरू होऊ शकते, आणि हमीपत्रावर सही केलीत तर जे तुमचे नव्हते ते तुमचे होऊन बसते. वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. ऐकत नसतील तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

सोसायटीचे गणित वेगळे. तिचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढलेला असतो. वारसनोंद होऊन तुमची नावे लागली तरी बोजा तसाच राहतो. जमीन ठेवायची तर हे कर्ज भरावेच लागेल. भरल्यावर सोसायटीचा बेबाकी (काही बाकी नसल्याचा) दाखला घेऊन तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज स्वतः द्या. ती नोंद आपोआप होते असे समजू नका.

राहिले मामा. त्यांच्याकडे ना कागद ना साक्षीदार. कायद्याने त्यांचाही हक्क मिळकतीपुरताच आहे आणि तोही सिद्ध करणे त्यांना अवघड जाईल. तरीही माझे मत विचाराल तर स्वतःच्या पगारातून कुणाचे द्यायचे झालेच तर यांचे द्या. बँकेने पैसा बुडण्याची जोखीम धरूनच व्याजाचा दर लावला होता. मामांनी व्याज घेतले नाही, वडिलांच्या शब्दावर दिले. भावकीत ‘नाव काढलं’ म्हणवून घेण्यासाठी बँकेचे बिनसहीचे कर्ज अंगावर घेणारे आणि मामांना मात्र ‘बघू पुढच्या हंगामात’ म्हणणारे लोक मला उलटे वाटतात.

मामांना एकदम जमत नसेल तर महिना 5 हजारांप्रमाणे 14 महिन्यांत फिटेल. रोख देऊ नका. खात्यावर पाठवा, शेऱ्यात ‘वडिलांचे हातउसने’ लिहा आणि शेवटच्या हप्त्याला सगळे मिळाल्याची दोन ओळींची चिठ्ठी घ्या. मामांनंतर त्यांच्या मुलांनी विचारले तर ती दाखवता येईल.