शिडाच्या होडीवर सोलर पॅनेल बसवण्यापूर्वी
दाभोळच्या खाडीत नांगरलेल्या होडीवर तुम्ही १०० वॅटची दोन पॅनेल बसवणार असाल, तर पहिला विचार सावलीचा करा. डोलकाठीची किंवा एखाद्या दोराची बारीक सावली पडली तरी पॅनेलची वीज बरीच घटते. म्हणून दोन्ही पॅनेल समांतर, म्हणजे धन टोकाला धन व ऋण टोकाला ऋण असे जोडावीत, म्हणजे एक सावलीत गेले तरी दुसरे आपले काम करत राहते.

वायरीत मात्र काटकसर नको. मी सुरुवातीला घरगुती वायर वापरली होती. एका पावसाळ्यानंतर तिचे आवरण सोलले, तेव्हा आतले तांबे काळेहिरवे पडून बोटांत चुरले. खाऱ्या हवेत कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायरच टिकते, आणि ती पुरेशी जाड हवी, कारण १२ व्होल्टच्या जोडणीत प्रवाह मोठा असतो व लांब, बारीक वायरीत व्होल्टेज वाटेतच पडते. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच बसवा. चार्ज कंट्रोलरला (पॅनेलकडून बॅटरीत जाणारी वीज नियंत्रित करणाऱ्या उपकरणाला) आधी बॅटरी जोडावी, मग पॅनेल; सोडवताना क्रम उलटा. जोडणीच्या डब्यात वायर खालून न्या आणि तिला थोडा झोळ ठेवा, म्हणजे पाण्याचा थेंब आत न शिरता तिथेच गळून पडतो.