एमएस्सी नर्सिंग करून इंग्लंडला येऊ का, असं विचारलंस म्हणून

तू ताई म्हणून विचारलंस म्हणून मी पण तूच म्हणते. तू लिहिलंस की दारव्ह्याकडची आहेस, कम्युनिटी हेल्थमधे एमएस्सी झाली, थीसिस बायांना ॲनिमिया कसा टाळायचा हे शिकवण्यावर होता, आता इंग्लंडला यायचंय आणि पेशंट एज्युकेशनचंच रिसर्च पुढं न्यायचंय, सोबत पाच वर्षांची मुलगी. परीक्षा कोणत्या, व्हिसा कसा, फी किती हे सगळं वेबसाइटवर आहे आणि सारखं बदलतं, ते मी सांगत नाही. पण तुझा प्रश्न वाचून चार दिवस झाले, नाइटवरून आली की झोप सोडून त्याचाच विचार करून राहिली, म्हणून लिहिते.

आधी रिसर्चचं. तू एमएस्सी असो की काय असो, इथं बहुतेक बँड ५ वर, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्सच्या पहिल्या पगारश्रेणीवर, स्टाफ नर्स म्हणूनच सुरुवात होते. वॉर्ड, औषधं, बेड, हँडओव्हर. तुझा थीसिस कोणी उघडून पाहत नाही. रिसर्च नर्स म्हणून पोस्ट असते आणि ती चांगली असते, पण तिथं अभ्यास दुसऱ्याचा असतो. तू त्यात बसणारे पेशंट शोधायचे, त्यांना समजावून कन्सेंट घ्यायची, रक्ताचे नमुने, फॉर्म, फॉलोअपचे फोन. स्वतःचा प्रश्न घेऊन स्वतःचा अभ्यास करायला एनआयएचआरच्या, म्हणजे आरोग्याच्या संशोधनाला पैसा देणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेच्या, फेलोशिप आहेत, आपल्या नर्सेसना पण मिळतात, पण त्याला वर्षं लागतात. मी २०१९ ला आली, अजून तिथवर गेली नाही.

आता कागद. माझ्या एका कागदावर आडनावात व्ही आहे आणि दुसऱ्यावर डब्ल्यू, दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, एमएस्सीवर सासरचं, पासपोर्टवर तिसरीच तऱ्हा. एवढ्यासाठी मी धामणगावहून विदर्भ एक्स्प्रेसनं किती वेळा मुंबईला गेली, सकाळी उतरायचं, स्टेशनवरच तोंड धुवायचं, ऑफिस उघडायच्या आधी दारात उभं राहायचं, आणि दुपारी दोनला कळायचं की सही करणारे मॅडम आज नाहीत. एकदा तर माझी फाइलच सापडत नव्हती आणि बाबू मलाच विचारत होता की तुम्ही खरंच दिली होती का. पोचपावती दाखवली तेव्हा गप्प झाला, सॉरी पण म्हटलं नाही. सहा वर्षं झाली, अजून आठवलं की घसा आवळतो. म्हणून सांगते, नावाचं गॅझेट आजच करून घे, सगळ्या कागदांवर एकच स्पेलिंग, मुलीच्या जन्मदाखल्यावर पण. आणि प्रत्येक टेबलावरून पोचपावती घे, मागायला लाजू नको.

पण खरं मला जे सांगायचंय ते तुझ्या विषयाचं आहे.

आपण सगळ्याच एमएस्सीला एकच अभ्यास करतो, नाव वेगळं असते एवढंच. स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्राम, आधी प्रीटेस्ट, मग फ्लॅशकार्ड आणि माहितीपत्रक, सात दिवसांनी पोस्टटेस्ट, मार्क वाढले, टी-टेस्ट सिग्निफिकंट, म्हणजे गणितानं फरक खरा ठरला, झालं. माझा पण तसाच होता. विषय तंबाखू आणि खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेला, आमच्याच गावात आणि बाजूच्या गावात. मार्क वाढलेच. आणि पोस्टटेस्ट देऊन लोक समाजमंदिराच्या बाहेर आले आणि पारावर बसून पन्नीतला खर्रा घोटायला लागले, ते मी डोळ्यानं पाहिलं आणि थीसिसमधे लिहिलं नाही. गाइडनं विचारलं नाही, व्हायवाला एक्स्टर्नलनं विचारलं नाही.

हेल्थ बिलीफ मॉडेलची आकृती तू पण थीसिसमधे काढली असशील. ते मॉडेल कुठून आलं ते आठव. १९५० च्या दशकात अमेरिकेत टीबीचा फुकट एक्स-रे काढायला गाड्या दारापर्यंत यायच्या तरी लोक यायचे नाहीत, काऊन येत नाहीत ते शोधता शोधता ते निघालं. म्हणजे सुरुवातच अडथळ्यापासून होती. मला हा आजार होऊ शकतो असं माणसाला वाटते का, झाला तर किती वाईट, उपायाचा फायदा काय, आणि आड काय येते. आपण आकृती काढतो आणि शेवटी मोजतो फक्त माहिती. २०१७ ला आपल्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी आन मजूर गेले. औषध विषारी आहे हे कोणाला माहीत नव्हतं? पण त्या वर्षी कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, औषध तोंडावर येत होतं, त्या गरमीत तोंड बांधून पंप पाठीवर घेऊन दिवसभर चालून दाखवा म्हणावं कोणी. त्याचं उत्तर माहितीपत्रकात नसते.

माझ्या बाबांचं सांगते. बाबा माझ्याच अभ्यासात होते, पहिल्या रांगेत बसले होते, पोस्टटेस्टला चांगले मार्क पडले म्हणून गावभर सांगत फिरले. मी इकडं आल्यावर दीड वर्षानं व्हिडिओ कॉलवर ते भाकर वरणात भिजवून लगदा करून खाताना दिसले. म्हटलं बाबा, तोंड उघडा बरं, तीन बोटं उभी घाला. दोन पण नीट गेली नाहीत. मी रागावली, खर्रा अजून चालूच आहे का म्हणून. तर ते म्हणाले, "नाही माय, तंबाखू त म्या तवाच सोडला. आता नुसती सुपारी खातो. तुया कागदात तंबाखूच लिवला होता."

तंबाखूच लिहिला होता. माझ्या माहितीपत्रकात सुपारीचं एक वाक्य होतं, मागच्या पानावर, खाली. सुपारी एकटीनं पण तोंड आवळते, तोंड न उघडण्याच्या त्या आजाराचं मोठं कारण तीच आहे, आणि २००४ पासून आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेनं तंबाखूशिवायची सुपारी पण कॅन्सर करणारी म्हणून नोंदवलेली आहे, हे मला माहीत होतं. मी त्यांना एकदा पण विचारलं नाही की बाबा, तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दात सांगा. इथं त्याला टीच-बॅक म्हणतात, रोज करायला लावतात. "मी नीट सांगितलं का ते पाहायचंय, घरी गेल्यावर तुम्ही काय काय करणार ते मला सांगा." दोन मिनिटाचं काम. मी ते इथं अनोळखी माणसांसोबत करते.

त्यांची बायोप्सी नागपूरला झाली तेव्हा मी नाइटला होती. रिपोर्टमधे कॅन्सर निघाला नाही. दर काही महिन्यांनी दाखवायला जावं लागते, भाऊ नेतो.

इथं मिडलँड्समधे गुजराती वस्ती मोठी आहे, पान-सुपारी खाणारे म्हातारे वॉर्डात येतात. नाइस नावाची गाइडलाइन काढणारी संस्था आहे, तिनं २०१२ मधे खास दक्षिण आशियाई लोकांच्या चघळायच्या तंबाखूवर मार्गदर्शन काढलं. आपल्याकडे गुटखाबंदी पण त्याच वर्षी आली. म्हणजे आपला विषय इथं आहे, तुला काम सापडेल. पण समजावणं हे काम भाषेचं आहे. सिगारेटवाल्यासाठी तीस सेकंदाचा साचा शिकवतात, विचारा, सल्ला द्या, पुढं पाठवा. मी तो साचा इंग्रजीत अचूक म्हणते, पण दारव्ह्याच्या बाजारात एखाद्या माणसाला "काऊन जी, भाकर गिळता येते का नीट" असं विचारून मी जे दहा मिनिटात काढून घ्यायची ते इथं मला येत नाही. भाषांतर करायला फोनवर माणूस मिळतो. तो शब्द बदलून देतो, पण पेशंट माझ्याकडं पाहतच नाही, फोनकडं पाहतो.

मुलीच्या शाळेचं विचारलंस. वर्ग वयाप्रमाणे मिळतो, जवळच्या शाळेत जागा असेलच असं नाही, आम्हाला दोन बस बदलून जायची मिळाली. ते चालून गेलं. पण माझा मुलगा गावी दुसरीत असताना आबाजीला देशोन्नतीचे मथळे मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि इथं त्याला चार वर्षांच्या लेकरांची चित्रांची पुस्तकं हातात दिली, एका पानावर तीन शब्द. बाईनं मला बोलावून सांगितलं की घरी इंग्रजीच बोला. मी ऐकलं. नंतर कळलं की इथलेच जाणकार सांगतात, घरची भाषा सोडू नका, तीच पक्की असली की दुसरी लवकर येते. मी स्वतः आरोग्यशिक्षणाची एमएस्सी, आणि एका बाईच्या एका वाक्यावर मी घरातली वऱ्हाडी बंद केली, कोणालाच विचारलं नाही. आता तो फुटबॉलबद्दल तासभर इंग्रजी बोलतो. रविवारी फोन लावला की बाबा, तोंड उघडत नाही म्हणून, अर्धेच शब्द बोलतात, आणि त्या अर्ध्यातलं अर्धं माझ्या मुलाला समजत नाही. तो "हो आबाजी, हो आबाजी" म्हणत राहतो आणि मग फोन माझ्या हातात देतो. तू घरी वऱ्हाडीच बोल. कोणी काही पण म्हणो.

एकटेपणाचं विचारलंस, तो असतो, पहिला हिवाळा जास्त, मग ड्युटी आणि रांधणं यात वेळच राहत नाही. त्याच्यासाठी थांबू नको.

यावं का ते मी सांगू शकत नाही. पैसे मिळाले, बाबांचा इलाज त्याच पैशावर चालू आहे. पण व्हिसाला वेळ लागेल तेवढ्यात एक काम कर. ज्या बायांना तू ॲनिमियाचं शिकवलं त्यांच्याकडं परत जा, प्रश्नपत्रिका नको नेऊ. लोहाच्या गोळ्या खाल्ल्या का, नाही तर काऊन नाही, सासूनं काही म्हटलं का, मळमळलं का, काळी संडास पाहून घाबरली का, चहासोबत तर घेत नव्हती ना, हे त्यांच्याच तोंडून ऐक आणि त्यांच्याच शब्दात लिहून ठेव, परवानगी देतील तर रेकॉर्ड कर. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंगांनी गावातल्याच बायांना शिकवून घरीच नवजात बाळं वाचवली, १९९९ ला लॅन्सेटमधे आलं ते, म्हणजे आपल्या भागातून मोठं काम निघत नाही असं नाही. त्या वह्या सोबत आण. इथं कधी स्वतःचा प्रश्न मांडायची वेळ आली तर तुझ्याजवळ काही असेल. मी माझ्या प्रश्नपत्रिका माळ्यावर ठेवून आली, वाळवी लागली.

कागदाचं काही अडलं तर विचार. शुक्रवार-शनिवार नाइट असते, रविवारी दुपारनंतर मी मोकळी असते.