बायकोला फायब्रोमायल्जिया आहे, हल्ली चालताना तोल जातो. हे त्यामुळेच होतं का? घरातली कामं कशी सांभाळायची?

तुम्ही लिहिलंय की वहिनींना तीन वर्षांपूर्वी निदान झालं आणि गेल्या काही महिन्यांत एकदा जिन्यात, एकदा बाथरूममध्ये पडता पडता वाचल्या, डॉक्टर अशक्तपणा म्हणतात आणि घरचे म्हणतात लक्ष नसतं तिचं. हे वाचून मला माझेच दिवस आठवले. मी डॉक्टर नाही, पण २०१६ पासून हा फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर सतत दुखणं, थकवा आणि अर्धवट झोप, अंगावर वागवतेय, म्हणून लिहिते.

हो, त्यामुळे तोल जाऊ शकतो. ह्या आजाराचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो हे मोजायची जी प्रश्नावली डॉक्टर वापरतात ती २००९ साली सुधारली, तेव्हा तोलाचा प्रश्न त्यात मुद्दाम घातला गेला. म्हणजे हे वहिनींच्या मनाचे खेळ नाहीत, एवढं आधी घरच्यांना सांगा.

मला पहिल्यांदा कळलं ते आंघोळ करताना. तोंडाला साबण लावला, डोळे मिटले, आणि अख्खी मोरी मागे कलंडतेय असं वाटलं, नळ हाताला लागला म्हणून वाचले. मग सलवार घालताना तेच, एका पायावर उभं राहून दुसरा पाय घालायचा हे जन्मभर विचार न करता केलेलं काम, ते भिंतीला टेकल्याशिवाय जमेना. फिजिओकडे गेले तर तिने पाय जुळवून उभं केलं, डोळे उघडे असताना ठीक होते, बंद करायला लावल्यावर चार-पाच सेकंदांत मी डावीकडे झुकले, तिने धरलं. ती म्हणाली तोल तीन जागांहून सांभाळला जातो, डोळे, कानाच्या आतला भाग, आणि तळवे-घोटे-गुडघ्यांतून मेंदूला जाणारी खबर. ह्या आजारात मेंदू आणि मज्जारज्जू दुखण्याचे सिग्नल वाढवून घेतात, त्या गोंगाटात पायाची खबर नीट पोचत नसावी, त्यात स्नायू कमजोर, झोप अर्धवट, आणि एकदा तोल गेला की बाई भीतीने ताठ चालायला लागते, त्याने अजूनच जातो. मी तोवर सगळी भिस्त डोळ्यांवर ठेवून होते, म्हणून साबण लावला की पंचाईत.

पण (हे महत्त्वाचं) सगळं फायब्रोच्या माथी मारू नका. आमच्याकडे तेच झालं. माझी प्रेगाबालिन (ह्या दुखण्यावरची गोळी) वाढवली होती आणि चक्कर, गुंगी हा त्या गोळीचा नेहमीचा साइड इफेक्ट आहे, डॉक्टरांनी डोस आणि वेळ बदलल्यावर बराच फरक पडला. स्वतःहून एकदम बंद करू नका मात्र, त्यानेही त्रास होतो. दुसरं म्हणजे बी-१२. आम्ही पक्के शाकाहारी, माझं इतकं कमी निघालं की इंजेक्शनं घ्यावी लागली, आणि बी-१२ कमी असलं तरी पायाला मुंग्या येतात, तोल जातो. हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर बघून घ्या. बीपी झोपून एकदा आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांत परत मोजायला सांगा, वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर कारण तिथे असू शकतं. अंथरुणात कुशीवर वळलं की खोली गरगर फिरते असं असेल तर तो कानाचा प्रॉब्लेम असू शकतो, त्यावर डोकं ठराविक पद्धतीने फिरवायचा साधा उपाय असतो, ईएनटीवाले करतात. आणि एक बाजू लुळी वाटणं, बोलणं अडखळणं, शुद्ध हरपणं, लघवीवर ताबा न राहणं ह्यातलं काही दिसलं तर थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

आता कामांचं. मी विळी सोडली, खाली बसून उठताना सगळ्यात जास्त तोल जायचा, आता टेबलाशी बसून सुरीने चिरते. माळ्यावरचं काढायला स्टुलावर चढणं बंद, ते खातं नवऱ्याचं. चालताना फोनवर बोलत नाही, हसू नका, ह्या आजारात डोक्यात धुकं भरल्यासारखं होतं, काही सुचत नाही, तेव्हा मेंदूला दोन कामं एकदम झेपत नाहीत. लोकलमध्ये सीट मागायची लाज वाटायची कारण दिसायला मी धडधाकट, डोंबिवली ते दादर खांबाला मिठी मारून जायचे, आता सरळ मागते. एका दिवाळीत बरं वाटतंय म्हणून चकल्या आणि करंज्या एकाच दिवशी उरकल्या, पुढचे तीन दिवस भिंत धरून चालले.

व्यायाम मात्र सोडायचा नाही. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली ह्या आजारासाठी सगळ्यात ठाम शिफारस केली ती व्यायामाची, गोळ्यांची नव्हे. बोस्टनमध्ये २०१० साली ६६ जणांवर ताई चीचा (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) अभ्यास झाला, १२ आठवड्यांत दुखणं, झोप, रोजची कामं ह्यात चांगला फरक दिसला. आमच्याजवळ ताई ची शिकवणारं कोणी मिळालं नाही, मग फिजिओने ओट्यालाच व्यायामशाळा केली. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओटा धरून टाचा उचलायच्या, मग एका पावलापुढे दुसरं पाऊल जोडून उभं राहायचं, हळूहळू दोन हातांऐवजी एक हात, मग नुसती दोन बोटं. पहिल्या महिन्यात अंग जास्तच दुखलं, खोटं कशाला सांगू. डोळे मिटून काही करायचं असेल तर कोणीतरी शेजारी पाहिजेच.

तुमच्यासाठी काम: बाथरूममध्ये भिंतीत ड्रिल करून ग्रॅब बार (आधाराला धरायची पक्की दांडी) बसवा, टॉवेलच्या दांडीवर भरवसा नको, आमची प्लगसकट हातात आली होती. आंघोळीला प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल. घसरणारी पायपुसणी फेका, रात्री पॅसेजमध्ये झिरोचा बल्ब. आणि दर पावलाला "सावकाश, सावकाश" म्हणू नका, फार चीड येते.

डॉक्टरकडे परत जाल तेव्हा नुसतं "तोल जातो" सांगू नका. दोन आठवडे वहीत लिहा, कधी गेला, त्या वेळी काय करत होत्या, गोळी किती वाजता घेतली होती, रात्री झोप किती झाली. माझ्या वहीत अकरा नोंदी होत्या आणि त्यातल्या सात गोळीनंतरच्या दोन तासांतल्या, ते पान बघूनच डॉक्टरांनी डोसाला हात घातला, त्याआधी चार महिने मी तोंडाने तेच सांगत होते.