पुन्हा त्याच गावी? रजेचा हिशोब मागणाऱ्या मनाविषयी

रजा घेतली, प्रवास केला, खर्चही केला, तरी परत आल्यावर थकवा तसाच आहे, ही तक्रार गेल्या काही वर्षांत माझ्याकडे इतक्या जणांनी मांडली आहे की तिच्याविषयी एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. तिच्या जोडीला बहुधा आणखी एक चिंता असते आणि ती जरा संकोचाने सांगितली जाते: "मला दरवेळी त्याच ठिकाणी जावंसं वाटतं. नवं काही पाहण्याची उमेदच उरली नाही का माझ्यात?" कोणाचे ते ठिकाण आजोळ असते, तर कोणाचे कोकणातले ओळखीचे घर. रोहिणीच्या बाबतीत ते स्पेनच्या उत्तरेला, पिरनीज पर्वताच्या पश्चिम टोकाकडील बास्तानच्या खोऱ्यातले अमायुर नावाचे, बास्क या स्वतःची वेगळी भाषा असलेल्या लोकांचे गाव होते. (तिचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, गाव तिच्या संमतीने तेच ठेवले आहे.)

रोहिणी पवनऊर्जा क्षेत्रातली अभियंता. पाम्प्लोना शहरात नोकरीला असताना ती प्रथम अमायुरला गेली आणि पुढे कामानिमित्त जर्मनीत स्थायिक झाल्यावरही दर ऑक्टोबरमध्ये तिथल्या एकाच घरात मुक्कामाला जात राहिली. नवऱ्याला हे पटत नव्हते. युरोपात राहूनही इतके देश पाहायचे राहिले असताना त्याच खेड्यात पुन्हा कशाला जायचे, असा त्याचा रास्त प्रश्न होता. नाशिकची बहीण प्रत्येक वेळी फोनवर विचारायची, "यंदा नवीन काय पाहिलंस?" आणि रोहिणी उत्तरात थोडी भर घालून सांगायची. समुपदेशनाच्या ऑनलाइन भेटीत तिने मला सरळच विचारले, "मॅडम, मी आळशी झालेय, की कशापासून तरी पळतेय?"

मी तिला गेल्या खेपेविषयी सांगायला सांगितले, तेव्हा तिने एक यादी सादर केली. १६१०च्या चेटूक-खटल्यामुळे प्रसिद्ध झालेल्या सुगारामुर्दीच्या गुहा पाहून झाल्या होत्या. सीमेपलीकडे फ्रान्समध्ये एस्पेलेट गावात घरांच्या भिंतींवर वाळत घातलेल्या लाल मिरच्यांच्या माळांचे फोटो काढून झाले होते. १५२२मध्ये नवारा या तिथल्या जुन्या राज्याच्या शिलेदारांनी शेजारच्या कास्तील राज्याच्या सैन्याशी झुंज दिली, त्या अमायुरच्या किल्ल्याची टेकडीही चढून झाली होती.

"राहिलं काय?" मी विचारले.

"शोरोशिनचा धबधबा. त्या दिवशी पाऊस होता. दिवस वायाच गेला."

"मग त्या वाया गेलेल्या दिवसाबद्दलच सांगा."

यादी सांगताना घाईत असलेला तिचा आवाज इथे हळूहळू सैल पडत गेला, हे मला स्पष्ट ऐकू आले. त्या भागात सिरिमिरी म्हणतात तशी बारीक भुरभुर सकाळपासून लागली होती. समोरच्या उतारावरचे नेचे शरदात गंजासारखे तांबूस झाले होते. जनावरांखाली अंथरायला ते कापून ठेवण्याची तिथली जुनी पद्धत आहे. घराच्या भिंती चुन्याने पांढऱ्या केलेल्या, कोपरे तांबड्या वालुकाश्माचे, आणि दारावर अनिष्टाला अडवणारे म्हणून ठोकलेले काटेरी रानफुलाचे वाळके चक्र. आत स्वयंपाकघरात सत्तरी ओलांडलेल्या घरमालकीणबाई चेस्टनट भाजण्याआधी एकेकाला सुरीने चीर देत बसल्या होत्या. मग त्यांनी तालो करायला घेतले. मक्याचे पीठ, कोमट पाणी आणि मीठ एवढ्यावर होणारी ही भाकर तिथे हातांवर थापून लोखंडी तव्यावर भाजतात आणि चीजबरोबर गरम खातात. पीठ गावातल्या पाणचक्कीवरून आणलेले होते.

"त्यांनी एक गोळा माझ्याकडे सरकवला," रोहिणी म्हणाली, "मी आईसारखी भाकरी थापली, तर त्या बघतच राहिल्या."

"सकाळी उठल्यावर त्या तुम्हाला काय विचारतात?"

"झोप लागली का, एवढंच."

"आणि रात्री?"

"आणखी चीज हवंय का."

"दिवसभरात काय काय पाहिलं, असं?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "नाही हो. इतक्या वर्षांत एकदाही नाही." आणि तिचे डोळे भरून आले.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या या पद्धतीचा गाभा असा, की आपल्याला छळते ती बहुतेक वेळा परिस्थिती नसते, तर तिच्यावर आपण लादलेली अट असते. रोहिणीची अट होती: माझी रजा सत्कारणी लागलीच पाहिजे, आणि ती लागल्याचा पुरावा मला देता आलाच पाहिजे. पुरावा नवीन ठिकाणाचाच ग्राह्य धरला जातो, म्हणून ओळखीच्या गावात राहूनही ती रोज सकाळी पुरावा गोळा करायला बाहेर पडत होती. गाव तिला विसावा देत होते आणि यादी तो काढून घेत होती. हे मी तिला पहिल्याच भेटीत समजावून सांगू शकले असते. परंतु स्वतःच्या तोंडून निघालेला निष्कर्ष माणूस सहसा विसरत नाही, हे मी इतक्या वर्षांच्या कामातून शिकले आहे, आणि त्या एका "नाही हो"साठी थांबल्याचे मला समाधान आहे.

ओळखीची जागा विसावा का देते, हेही समजून घेण्यासारखे आहे. नव्या गावात पाऊल टाकल्यापासून आपण सतत सावध असतो आणि कुठे जेवायचे, कोणती बस धरायची, कोणावर विश्वास ठेवायचा, असे शेकडो बारीकसारीक निर्णय घेत असतो. अमायुरला एकच मुख्य रस्ता आहे आणि त्याच्या तोंडाशी कमान आहे. ती ओलांडली की रोहिणीला ठरवण्यासारखे फारसे काही उरत नाही. बास्क खेड्यांत घरांना नावे असतात आणि माणसे घराच्या नावाने ओळखली जातात, त्यामुळे तीही तिथे अमुक घरची पाहुणी असते. तिचे पद, पगार किंवा पारपत्र कोणाला लागत नाही. असे मोकळे झालेले लक्ष मग बारकाव्यांकडे वळते. दक्षिणेचा उबदार वारा सुटला की डोंगर एकदम जवळ आल्यासारखे स्वच्छ दिसतात, हे तिला ठाऊक होते, कारण तिने तेच डोंगर अनेक शरदांत पाहिले होते. पुन्हा जाणाऱ्यालाच असे काही दिसते, आणि त्याला नवे पाहणे न म्हणण्याचे मला काही कारण दिसत नाही.

पुढच्या ऑक्टोबरसाठी आम्ही मोजकेच ठरवले. यादी करायची नाही, परतेपर्यंत कोणाला फोटो पाठवायचे नाहीत आणि बहिणीने विचारले तर खरे तेच सांगायचे. सुरुवातीला अस्वस्थ वाटेल आणि ते वाटू द्यायचे, हेही मी आधीच सांगून ठेवले. झालेही तसेच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने धबधब्याची वाट शोधायला फोन हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला आणि जेवणवेळेपर्यंत अस्वस्थपणे अंगणात येरझारा घातल्या. परतल्यावर ती म्हणाली, "मॅडम, तिसऱ्या दिवशी दुपारी झोपले आणि उठल्यावर अपराधी वाटायचं विसरूनच गेले." तिच्याबरोबरच्या कामात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे वाक्य.

पळत असल्याची तिची शंकाही आम्ही बाजूला टाकली नव्हती. ज्यांना ती सतावते त्यांनी रजेच्या शेवटच्या दोन दिवसांकडे बारकाईने पाहावे. परतण्याच्या कल्पनेने थोडी हुरहुर लागणे स्वाभाविक आहे. परंतु पोटात गोळा येत असेल, झोप उडत असेल आणि घरी किंवा कचेरीत वाट पाहणाऱ्या एखाद्या विशिष्ट माणसाचा विचारही नकोसा होत असेल, तर प्रश्न त्या घराचा किंवा कचेरीचा आहे आणि तो तिथेच सोडवावा लागतो. रोहिणी परतल्यावर रखडलेली कामे आपणहून हाती घेत होती, म्हणून मला तिच्याबाबत तशी चिंता वाटली नाही.

जोडीदाराची इच्छाही तितकीच खरी असते, हे मात्र विसरू नये. नवे देश पाहण्याची ओढ म्हणजे उथळपणा, असा सूर रोहिणीने एकदा लावला तेव्हा मी तिला तिथेच थांबवले, कारण स्वतःवरची अट काढून ती नवऱ्यावर लादण्याने काहीच साधले नसते. त्या दोघांनी रजा वाटून घेतली: वसंतातला प्रवास त्याच्या पसंतीचा, त्यात यादी असली तरी तक्रार करायची नाही, आणि ऑक्टोबरमधला आठवडा रोहिणीचा, त्याने यायचे की नाही हे दरवर्षी त्याने ठरवायचे.