टीव्हीवर सहा नंबरचं चॅनेल दिसेना? लगेच नवा बॉक्स आणू नका

फिलाडेल्फियात १२ जून २००९ला अ‍ॅनालॉग, म्हणजे जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण, बंद झालं आणि सहा नंबर डिजिटलसाठी आखूड लहरींच्या यूएचएफ पट्ट्यावरून परत लांब लहरींच्या व्हीएचएफ पट्ट्यावर आला. तुमच्या बॉक्सच्या, म्हणजे जुन्या टीव्हीवर डिजिटल दाखवणाऱ्या डब्याच्या, डोक्यात अजून जुनीच जागा असेल. अँटेनाची वायर काढून एकदा स्कॅन करा, म्हणजे जुनी यादी पुसली जाईल. बॉक्सचा प्लग मिनिटभर काढून ठेवा, वायर लावा, पुन्हा स्कॅन करा.

तरीही नाही? मग अँटेना बघा. नुसती गोल कडी असेल तर ती यूएचएफची. सहाची लहर एफएम रेडिओच्या अगदी शेजारची, लांब. तिला दोन दांड्याच हव्यात, पूर्ण ओढून आडव्या केलेल्या. डिजिटलमध्ये पूर्वीसारख्या मुंग्या येत नाहीत, चित्राचे चौकोन होतात नाहीतर ते जातंच. म्हणून सिग्नलचा आकडा बघत अँटेना बोटबोट सरकवा. माझं चित्र खिडकीपाशी स्थिरावलं.