अल्हाम्ब्राला पहिल्यांदा जाताना

अल्हाम्ब्रा म्हणजे स्पेनमधल्या ग्रानादा शहरातला जुना किल्ला आणि त्यातले राजमहाल. तिकीट आधीच ऑनलाइन काढा; आयत्या वेळी मिळेल या भरवशावर ग्रानादा गाठू नका. नसरिद राजघराण्याच्या महालांत शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती अजिबात चुकवू नका. तिकीट नावावर असतं, म्हणून पासपोर्ट जवळच हवा. मुख्य दारापासून महालापर्यंत बरंच चालायचं आहे.

आत मात्र घाई नको. सिंहांच्या चौकात सगळे १२ संगमरवरी सिंहांचेच फोटो काढत बसतात. तुम्ही १२४ खांबांची ती ओवरी ओलांडून दोन बहिणींच्या दालनात जा आणि मान वर करा. ते नक्षीदार छत पाहायला कितीही वेळ दिला तरी मला अपुराच वाटतो!

हेनेरालिफेची बाग शेवटी ठेवा. दारो नदीचं पाणी पाटाने डोंगरावर आणलंय, आणि तिथल्या एका जिन्याच्या चक्क कठड्यांतून ते खळखळतं. त्यात हात बुडवायचा मोह होईलच. उन्हाळ्यात टोपी न्या.