पप्पांचं डोमिसाईल चालतं का?

प्रश्न : ताई, मी बारावी सायन्सला आहे. आम्ही मूळचे यूपीतले, देवरियाचे. पप्पा वीस वर्षं झाली कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत. मी तिसरीपासून इथंच मराठी शाळेत शिकले, मैत्रिणींशी भांडते ते पण मराठीतच. तरी आडनाव ऐकलं की लोक विचारतात, "नक्की कुठली गं तू?" आणि गावाकडं गेलं की चुलत बहिणी "महाराष्ट्रवाली आली" म्हणून चिडवतात. आता इंजिनिअरिंगला डोमिसाईल, म्हणजे रहिवासाचा दाखला, लागतं म्हणे आणि त्यासाठी लागणारी पंधरा वर्षं मला इथं झालेली नाहीत. मग मी बाहेरचीच का?

उत्तर : अगं, आधी डोमिसाईलचं बघू, घाई त्याची आहे. पंधरा वर्षांची अट तुझ्या नावावर बसत नसली तरी पप्पांच्या बसते, आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशात आई किंवा वडिलांचं डोमिसाईल असलं तरी महाराष्ट्राची म्हणून अर्ज करता येतो. निकालाची वाट बघू नका, आत्ताच लागा. खरं अवघड असतं ते पुरावे जमवणं, भाड्याच्या खोल्या बदलणाऱ्या घरात जुनी लाईट बिलं कोण जपून ठेवतंय? रेशन कार्ड, मतदार यादी, पीएफचे कागद, जे सापडेल ते घेऊन सेतू केंद्रात जा. जातीचं आरक्षण मात्र दुसऱ्या राज्यातून आलेल्यांना इथं मिळत नाही, डोमिसाईल असलं तरी, हे घरात आधीच बोलून घ्या म्हणजे ऐन कॅप राऊंडला, म्हणजे प्रवेशाच्या फेरीला, हिरमोड होणार नाही.

आणि बाहेरची म्हणशील तर, तुझ्यापासून जवळच वळिवडे आहे बघ. 1943 ते 1948 तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि पोरं, सोव्हिएत छावण्यांमधनं सुटून आलेली. त्यांची तिथं शाळा होती, चर्च होतं. ते गेल्यावर फाळणीत सगळं सोडून आलेली सिंधी कुटुंबं त्याच जागेत राहिली आणि गांधीनगर झालं, जिथं आज अख्खा जिल्हा लग्नाचा बस्ता बांधायला जातो. तिथल्या दुकानदाराला कोण विचारतं का, नक्की कुठला म्हणून? मग तुलाच का विचारावं, मला खरंच राग येतो याचा. कुणी विचारलं तर "शिरोलीची" म्हणायचं आणि गप्प बसायचं, आजोबांच्या गावापर्यंतचा हिशोब द्यायला तू बांधील नाहीस. देवरिया सांगावंसं वाटलं तर तेही खुशाल सांग, त्यात लपवण्यासारखं काय आहे.

पप्पांचे कुठले कागद सापडले ते कळव, काय कमी पडतंय ते बघू.